देवाकडे पाठ करून काढलेलं शूटिंग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर मी चहा अर्धा ठेवून उठेन, आणि मग शेवट तुम्हाला आमच्या आत्याकडून ऐकावा लागेल. तिचा तो पेडण्याच्या बाजारात अर्ध्या तालुक्याला सांगून झालाय, आणि तिच्या गोष्टीत मी आहे त्याच्या दुप्पट गाढव आहे. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. यात निदान गाढवपण बेताचं आहे.

आमचं घर पार्से गावात. मी डिप्लोमा मध्येच सोडला. का सोडला ते तुम्ही विचारू नका, त्या कामाला माझे नातेवाईक नेमलेले आहेत, आणि ते आळीपाळीने येतात. चहा पितात, खाजं खातात, आणि जाताना माझ्याकडे बघून असा सुस्कारा टाकतात, की मेलेल्या माणसाच्या घरातून निघाल्यासारखं वाटावं. मी जिवंत असतो. समोरच कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसलेला असतो.

तर विषय कॅमेऱ्याचा.

गेल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, आरतीचं शूटिंग थोरल्या काकांनी स्वतःच्या फोनवर केलं. थोरले काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. राहतात पाळीला, डिचोलीकडे. जन्मभर खाणीवर टिपर चालवला, त्यामुळे कुजबुजले तरी शेजारच्या गावात ऐकू जातं. घुमटांचा ठेका रंगात आलाय, झांजा कडकडतायत, आणि ऐन वेळी काकांना कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचा फोन आला. काकांनी तो घेतला. आरतीत. "नको गो बाय, माका खय कर्ज होया, चवथ आसा आमची, तुझी नाय काय?" असं तिच्याशी छान बोलले. शूटिंग तिथेच तुटलं. त्याआधीचं होतं, पण त्यात काकांचा अंगठा होता. नुसता अंगठा. लालभडक, आत रक्त फिरताना दिसत होतं.

ताईचं बाळ यंदा पहिल्यांदा चवथीला येणार होतं. तेव्हा बाबांनी जाहीर केलं, "घरचो आपलो कॅमेरो होयो. फोन नको. शूटिंगचो असता तसो, हातात धरूचो."

मला वाटलं, चला, आयुष्यात एकदा या घराला मी जाणतो तो विषय लागला. कॅमेऱ्यातलं मला कळतं. कॉलेज सोडल्यापासून मी दुसरं काही बघितलेलं नाही. कुठला कॅमेरा अंधारात दाणेदार होतो, कुठल्याचा माईक घुमटाच्या आवाजाने फाटतो, सगळं पाठ. पण आमच्या वडीलधाऱ्यांना माहिती नको असते. त्यांना मत असतं, आणि ते तयार असतं.

बाबांना कॅमेरा स्वस्त हवा होता, पण नवाकोरा, वॉरंटीवाला. वॉरंटी हा शब्द बाबा देवाच्या नावासारखा उच्चारतात. घरातला एकही पंखा, एकही मिक्सर त्यांनी वॉरंटीत दुरुस्त करून आणलेला नाही, पण ते कागद मात्र कपाटात कुलूप लावून. आईचं म्हणणं, मागची भिंत दिसायला नको, तिला ओल आलीय. आत्याला स्वतः उजळ दिसायचं होतं. आणि थोरल्या काकांचं म्हणणं, कॅमेरो जड होयो. जड असला की टिकतो. टिपरवरून आलेली अक्कल, दुसरं काय.

बाबांनी फोनवर एक शोधून काढला. ऑनलाईन, नवा, स्वस्त, नाव कधी कुणी न ऐकलेलं. डब्यावर आकडेच आकडे.

"बघ, झूम बघ केदो," बाबा म्हणाले.

"तो डिजिटल झूम आहे, बाबा. म्हणजे चित्र ओढून ताणून मोठं करायचं. आत्याच्या साडीवरची फुलं भोपळे दिसतील."

"भोपळे दिसांदे. वारंटी आसा."

मी डोकं धरून बसलो.

माझ्या डोक्यात दुसराच होता. तुयेच्या फॅक्टरीत संभादादा म्हणून एक कोल्हापूरकडचा माणूस आहे. शिफ्ट संपली की लग्नं, बारशी, मुंजी शूट करायचा. आता त्याने ड्रोन घेतला होता आणि जुना कॅमेरा काढायचा होता. चांगल्या कंपनीचा, खरी काच, खरा झूम, आणि बाबांच्या त्या नव्या डब्याच्याच भावात. मी फॅक्टरीच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर त्याला गाठला.

"दादा, चालतो ना नीट?"

"चालतोय म्हंजे? पळतोय. तीनशे नवऱ्या रडवल्यात ह्यानं."

"मग विकताय कशाला?"

"लोकास्नी आता वरनं पायजे शूटिंग. नवरा-नवरी मुंगीएवढी दिसली तरी चालंल, पण वरनं पायजे. तू घिऊन जा की लेका. घरात दाव. पसंत पडला तर ठेव, न्हाय तर सोमवारी माघारी आण. माझं काय जातंय."

कॅमेरा हातात घेतला तेव्हा, काय सांगू, मूठ अशी बरोबर बसली त्याच्या पट्ट्यात. आणि तिथेच माझ्या डोक्यात पुढचं सगळं दिसायला लागलं. घरचं तर शूट करीनच, पण पार्से, तुये, मांद्रे, सगळीकडची बारशी आणि वाढदिवस मी करीन. माझा धंदा. कुणाच्या बापाची नोकरी नको.

आता इथे मेख होती. बाबांनी त्याच तुयेच्या फॅक्टरीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पॅकिंगला. मी कॅमेरा घरी आणून माझा बेत सांगितला तेव्हा ते ताटावरून उठलेच.

"म्हणजे कॅमेरो घराक नाय, तुका होयो."

"दोघांनाही. चवथ पण होईल, माझं काम पण होईल."

"कॉलेजाक घातलंय तेव्हा पण असाच सांगलंस."

यावर मी ओरडलो. बाबा त्याहून मोठ्याने ओरडले. आई म्हणाली, भांडा, पण जनेल लावून भांडा, शेजारी जेवतायत.

मग आमच्या घरात जे होतं तेच झालं. पाळीला फोन गेला. आमच्याकडे कुकर घ्यायचा तरी थोरले काका लागतात. काका बसने आले, येताना पोदेराकडून गरम पाव घेऊन आले, दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे ऐकताना पाव खाल्ले, आणि निकाल दिला.

"राखणदाराक इचारूया."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या काजूच्या बागेच्या टोकाला राखणदाराचं स्थान आहे. पत्र्याच्या छपराखाली काळा पाषाण, त्याला चांदीचे डोळे. घरात एकमत झालं नाही की तिथे कौल लावायचा. दासवणीच्या, म्हणजे तुमच्या जास्वंदीच्या, दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन बाजूंना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. आधी उजवी पडली तर होय. आधी डावी पडली तर नाही. उजवी म्हणजे देवाची उजवी हं. समोर उभ्या माणसाच्या डाव्या हाताची. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं.

मी म्हटलं, "काका, कॅमेऱ्याची काच देवाला काय कळणार?"

"तुका कॉलेज कळला नाय, तरी तू गेलंसच मगे."

सगळे हसले. आईसुद्धा. अशी ही माणसं.

पण सौदा ठरला. उजवी पडली तर संभादादाचा कॅमेरा घ्यायचा, आणि पुढच्या चवथीपर्यंत माझ्या नोकरीचं नाव कुणी काढायचं नाही. डावी पडली तर बाबांचा नवा डबा मागवायचा, आणि मी सोमवारी तुयेला पॅकिंगला. बाबा म्हणाले कबूल. मी म्हटलं कबूल. देवावर माझा विश्वास नाही, पण अर्धी शक्यता आमच्या घरात मला पहिल्यांदाच मिळत होती.

त्या संध्याकाळी मी आत्याला आपल्या बाजूला वळवायला तिचं शूटिंग केलं. आत्या म्हणजे बाबांची बहीण, आमच्याच वाड्यावर राहते, आणि दिवसातून एकदा आमच्याकडे तपासणीला येते. त्या कॅमेऱ्याचा छोटा पडदा बाजूला उघडतो आणि उलटा फिरवता येतो, म्हणजे आपलं आपल्याला दिसतं. पडदा फिरवून दिला. आत्या खूश. पदर सारखा केला, केस सारखे केले, आणि मला सोडून बाकी सगळ्या भाच्यांना आशीर्वाद दिले. मग मी वायर लावून तेच टीव्हीवर दाखवलं, आणि ती किंचाळलीच.

"अरे, माझो तीळ खय गेलो? हो ह्या गालार कसो आयलो?"

"आते, तीळ आहे तिथेच आहे."

"नाय रे. त्या बारक्या पडद्यार बरोबर होतो. तुझ्या कॅमेऱ्यान तीळ हलयलो."

आणि मग मी, लक्षात ठेवा, मी स्वतः, मोठ्या तोऱ्यात तिला शिकवायला बसलो. "आते, जरा डोकं वापरत जा. पडदा आपल्याकडे फिरवला की तो आरसा होतो. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. टीव्हीवर दिसतं ते खरं. जगाला तू अशीच दिसतेस. एवढं साधं कळत नाही आणि कॅमेऱ्यावर मत द्यायला येता सगळे."

आत्या गप्प बसली. आमची आत्या गप्प बसते तेव्हा ती विसरत नसते. साठवत असते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आंघोळ करून सगळे बागेत. काकांनी पाषाणाला पाणी घातलं, गंध लावलं, पाकळ्या भिजवून चिकटवल्या. मी कॅमेरा काढला.

माझा विचार असा होता. घरातल्या कुठल्याही शूटिंगात, कुठल्याही फोटोत मी नसतो, कारण धरणारा मीच. ताईच्या लग्नात मी तीन दिवस राबलो, आणि अल्बममध्ये माझं एक कोपर आहे. आज माझ्या आयुष्याचा निकाल लागणार, आणि त्यात मी नाही? म्हणून मी पडदा माझ्याकडे फिरवला, हात लांब केला आणि असा उभा राहिलो की पुढे माझा चेहरा, खांद्यामागे राखणदार. म्हणजे देव माझ्या पाठीशी. शब्दशः.

"देवाक पाठ करू नये रे," आत्या म्हणाली.

"शूटिंग असंच करतात आता."

"करतत करूं देत. देवाक पाठ दाखवू नये. फिर तिकडे."

"आते, तू तुझा तीळ सांभाळ."

बाबांनी डोळे वटारले, पण तेवढ्यात काकांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली.

"बा देवा म्हाराजा, राखणदारा!"

"होय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां शूटिंगचो कॅमेरो घेवचो की घेवचो नाय, ह्या इचारूक तुझ्या पायाकडे जमली आसत!"

"होय म्हाराजा."

"जुनो घेतलो तर तो मध्येच बंद पडता नये, नवो घेतलो तर त्याची वारंटी खोटी ठरता नये!"

"होय म्हाराजा," यात बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ह्या घरात एक पोरगो कॉलेज सोडून बसलो आसा. त्याच्या डोक्यात काय वारा शिरला असात तर ता बाहेर काढ, त्याका नोकरीधंद्याक लाव, वडिलांच्या शब्दात ठेव, मोबाईल कमी कर!"

"होय म्हाराजा."

कौल कॅमेऱ्याचा आणि गाऱ्हाणं माझं. काका मग खाणी परत सुरू होण्यावर गेले, तिथून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून डिचोलीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर. देवाने किती वेळ धरून ठेवायची ओली पाकळी? मला छोट्या पडद्यावर स्पष्ट दिसलं. माझ्या कानाच्या मागे, पडद्याच्या डाव्या बाजूची पाकळी जराशी सरकली, थांबली, आणि पडली.

डावा हात. समोर उभ्या माणसाचा डावा, म्हणजे देवाचा उजवा.

"उजवी!" मी ओरडलो. "उजवी पडली!"

सगळ्यांनी दचकून डोळे उघडले. काकांनी इतक्या जोरात मागे वळून पाहिलं, की त्यांच्या कोपराचा धक्का तांब्याला, तांब्या पाषाणावर, आणि सगळं पाणी देवाच्या अंगावर. दुसरी पाकळीही वाहून खाली. आता दोन्ही पाकळ्या एकाच डबक्यात पोहत होत्या, जुळ्या बहिणींसारख्या.

"कोणाक दिसली?" काका.

कोणाला कशी दिसणार? सगळ्यांचे डोळे मिटलेले. आई म्हणाली, माका नाय. आत्या म्हणाली, माका नाय.

"परत लावूया," काका म्हणाले.

"एकदा पडली ती पडली," आत्या म्हणाली. "देवाक दोनदा इचारूचा नाय." माझी बाजू तिने घेतली असं नका समजू, तिला नियम प्यारा.

मग बाबा माझ्याकडे वळले. बराच वेळ बघत राहिले. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याकडे असं सरळ बघत नाहीत, जरासं बाजूला, माझ्या कानाशी बघून बोलतात.

"खरा सांगतंस?"

"खरं, बाबा. मी बघितली. उजवी."

"बरा," बाबा म्हणाले. "तो खोटा सांगूचो नाय. आळशी आसा, उद्धट आसा, पण खोटो नाय. कॅमेरो ठेवूया."

एवढंच. मला बाबांबद्दल चांगलं बोलायची सवय नाही, तेव्हा पुढे जातो. पण घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते एवढं सांगतो.

आता तुम्ही सांगा. इथे शहाणा माणूस काय करेल? जेवेल. गप्प जेवेल, दुपारी झोपेल, आणि सोमवारी संभादादाला होकार कळवेल. संपलं की नाही?

पण जेवताना काका सोलकढी पिता पिता पुटपुटले. काकांचं पुटपुटणं म्हणजे भोंग्यावरची घोषणा. "म्हणे दिसली. देवाक पाठ करून उभ्या ऱ्हवलेल्याक बरी दिसली."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी खय म्हणतंय? दिसली म्हणतंस, दिसली असात."

"पुरावा आहे माझ्याकडे. आख्खा व्हिडिओ आहे."

"रवांदे रे," बाबा म्हणाले. "झाला मगे. जेव."

बाबा म्हणाले जेव. लक्षात घ्या, माझ्या बाजूने निकाल दिलेला माणूस मला म्हणत होता, जेव. आणि मी उष्ट्या हाताने उठलो. हात धुतले, वायर आणली, टीव्हीला जोडली.

"बघा सगळ्यांनी. आणि कॅमेरा काय चीज आहे ते पण बघा. तुमच्या त्या डब्यात हे दिसलं असतं का सांगा."

टीव्हीवर माझा चेहरा आला. केवढा मोठा. हसरा. मागे राखणदार, चांदीचे डोळे लखलखीत, पाकळ्यांवरचं पाणीसुद्धा वेगळं दिसत होतं. काकांचं गाऱ्हाणं घुमत होतं, आवाज कुठे फाटला नव्हता. मी अभिमानाने बाजूला उभा. खड्ड्यांपर्यंत गाऱ्हाणं आलं आणि पाकळी सरकली.

पडली.

काकांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली.

"परत दाखव," काका म्हणाले.

मी परत दाखवलं. या वेळी मी, माझा मीच, चित्र मोठं करून दाखवलं. संथ करून दाखवलं. पाकळी टीव्हीच्या उजव्या बाजूने पडत होती. सावकाश. अगदी सोहळ्यासारखी.

काका उठले. टीव्हीकडे पाठ करून, स्वतःच राखणदार झाल्यासारखे छाती काढून उभे राहिले. एक हात वर केला. "हो मी देव. हो माझो उजवो हात, तुमच्या डाव्या बाजूक. बरोबर?" मग दुसरा हात वर केला. "आणि पाकळी पडली ती हयसून. ही माझी डावी."

"टीव्ही उलटा दाखवतोय," मी म्हणालो. तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी मला कळलं. पण तोवर आत्याने पान लावायचं थांबवलं होतं.

"टीव्ही उलटो दाखवणा नाय," ती शांतपणे म्हणाली. "तूच सांगलंस मगे काल. बारको पडदो तो आरसो. टीव्हीर दिसता ता खरा. माझ्या तिळासारखा." मग जरा थांबून, अगदी माझ्याच तोऱ्यात, "जरा डोक्या वापरूक होया."

मी ती पाकळी पडताना फक्त आरशात बघितली होती. देवाकडे तोंड करून सरळ उभा राहिलो असतो, तर मला बरोबर दिसलं असतं. कॅमेरा घरी ठेवून डोळे मिटून उभा राहिलो असतो, तर कोणालाच काही दिसलं नसतं. कॅमेरा वाईट असता, तरी वाचलो असतो. पण कॅमेरा इतका उत्तम होता, की आत्याला चष्म्याशिवाय सगळं दिसलं.

"कॅमेरो बरो आसा पण," काका अगदी मनापासून म्हणाले. "झकास आसा. देव नको म्हणता, नाय तर घेवक होयो होतो."

बाबा माझ्याकडे बघत होते. सरळ. आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, ते हसायला लागले. आधी नुसता खांदा हलला, मग पोट, मग ते कदेलीवरून घसरायच्या बेताला आले. "खोटो नाय म्हटलंय मी," त्यांना बोलता येईना, "खोटो नाय, ता खरा ठरला. स्वताच्याच विरुद्ध पुरावो, आणि तो पण मोठो करून." आईने पदर तोंडात धरला. काका हसले तेव्हा बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला.

सोमवारी मी कॅमेरा परत द्यायला गेलो.

"काय रं, बिघाड हाय का काय त्यात?" संभादादा.

"नाही. देवाला पसंत पडला नाही."

"कुठल्या द्येवाला?"

"आमच्या राखणदाराला."

त्याने विचार केला. "त्येलाबी वॉरंटी पायजे आसंल."

बाबांचा नवा डबा चवथीच्या आधी आला. त्यात यंदाची चवथ आहे. घुमटाचा आवाज पत्र्यावर दगड टाकल्यासारखा येतो. गणपतीवरच्या माटोळीला टांगलेली फळं कुठली आणि ताईचं बाळ कुठलं, हे आवाजावरून ओळखावं लागतं. आईच्या भिंतीची ओल दिसत नाही, कारण भिंतच दिसत नाही. काकांना तो हलका वाटला, म्हणून त्यांनी त्याच्या पट्ट्याला खाणीवरचा एक जुना नटबोल्ट बांधलाय. आणि आत्याचा तीळ पूर्ण गेलाय, दोन्ही गालांवरून. ती म्हणते, असा बरा कॅमेरा तिने जन्मात बघितला नाही. शूटिंग अर्थात मीच करतो. त्यामुळे त्यातही मी नाही.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी कॅमेरा परत दिला आणि तसाच फॅक्टरीच्या गेटमधून आत गेलो. बाबा आधीच येऊन उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, जसं काही नोकरी त्यांनाच लागणार होती. सुपरवायझर बरा माणूस वाटला. मला सरकत्या पट्ट्याच्या शेवटी घेऊन गेला. खोके येतात, त्यांच्यावरचं लेबल उजव्या बाजूला आहे की नाही एवढंच बघायचं. डावीकडे दिसलं तर खोका बाजूला काढायचा.

"उजवी-डावी कळते ना रे?" त्याने सहज विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी उत्तर दिलं.

"कळता, सायबा. फकत त्याका पट्ट्याकडे पाठ करून उभो करू नकात."